तळ्याकाठची साइट की बाथरूमजवळची? लडिंग्टनचं कॅम्पिंग आणि सासू-सासरे

पत्र थोडक्यात असं: शिकागोच्या सबर्बमध्ये राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीला पुढच्या जुलैत चार रात्री मिशिगनमधल्या लडिंग्टनला कॅम्पिंगला जायचंय. एकूण तीन मराठी कुटुंबं, त्यातलं एक मॅडिसनहून येणार. हिची मुलं ८ आणि ३ वर्षांची, शिवाय मिरजेहून सहा महिन्यांसाठी येणारे सासू-सासरे सोबत. नवऱ्याला ‘खरं कॅम्पिंग’ हवंय, म्हणजे स्टेट पार्कमधलं जॅक पाइन, जिथे गाडी जात नाही आणि वीज नाही. एका मैत्रिणीला तंबूतून तळं दिसलंच पाहिजे. तिसरं कुटुंब म्हणतंय की गावातच राहू, संध्याकाळी चालत हार्बरवर जाता येईल. ग्रुपवर पोल टाकला तर तीन कुटुंबांची तीन मतं पडली. सगळ्यांना आवडेल असं एक कॅम्पग्राउंड कुठलं ते ताई तुम्ही सांगा, काही बिनसलं तर सगळे माझ्याकडेच बघणार, असं ती लिहिते. आणि शेवटी जाता जाता दोन ओळी आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सासरे रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकातोंडाला लावायचं यंत्र) लावून झोपतात.

अगं, तुझ्या त्या शेवटच्या दोन ओळी खरं तर पत्राच्या सुरुवातीला यायला हव्या होत्या. तळं, सूर्यास्त, कोणाला काय आवडतं हे सगळं तू पानभर लिहिलंस आणि ज्या गोष्टीवरून निम्मा निर्णय होऊन जातो ती तू उरलंसुरलं म्हणून टाकलीस. सीपॅप लावायचं म्हणजे वीज पाहिजे, बॅटरीवर चालतं मान्य, पण चार रात्री ती बॅटरी चार्ज कुठे करणार, गाडीत बसून? म्हणजे सासरे जिथे झोपणार तिथे प्लग हवाच आणि जॅक पाइन त्यांच्यासाठी बाद. तिथे सामान घेऊन साधारण मैलभर चालत जावं लागतं, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांनी ते तसंही बाद. यात नवऱ्याचं मत चूक की बरोबर हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे भांडायचंही कारण नाही.

आता मला तुला एक विचारायचंय. आई-बाबांना कोणी विचारलंय का? तू लिहितेस, ‘त्यांना झेपणार नाही’, नवरा म्हणतो, ‘ते अॅडजस्ट करतील’, दोन आठवडे तुमचं यावर चाललंय आणि ज्यांच्याबद्दल चाललंय ती दोन माणसं व्हिडिओ कॉलवर रोज समोर असतात. आपल्याकडे हे फार होतं, मोठ्यांची काळजी म्हणून आपणच सगळं ठरवून टाकतो आणि तेही बिचारे ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात. म्हणून ‘चालेल का’ असं विचारूच नकोस, त्याचं उत्तर कायम ‘चालेल’ असतं. नेमकं विचार. रात्री किती वेळा उठावं लागतं? खाली वाकून आत शिरता येईल का? जमिनीवरून उठताना आधार लागतो का? हे विचारायला सुनेला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे, पण मग नवऱ्याला विचारायला लाव, त्याचेच आई-वडील आहेत.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, तर माझी आई वाईहून आली होती तेव्हा आम्ही ह्याच लेक मिशिगनच्या काठी एका कॅम्पग्राउंडला गेलो होतो. मी महिनाभर नकाशा बघून बघून शेवटच्या टोकाची साइट, म्हणजे तंबू ठोकायची जागा, घेतली होती, का तर तिथून पाणी दिसत होतं. आई खूश होती, ‘हा तर समुद्रच गं, नुसता खारट वास नाही’ असं दहा वेळा म्हणाली. रात्री जेवताना मी बघितलं की तिचा पाण्याचा पेला भरलेला तसाच आहे. काही वाटलं नाही मला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या पहाटे मला जाग आली तर आई शाल पांघरून बाहेर फोल्डिंगच्या खुर्चीत बसलेली, दोन वाजल्यापासून उजाडायची वाट बघत. टॉयलेट लांब, मधे अंधार, मला उठवायचं तिच्या जिवावर आलं आणि म्हणून ती बाई दोन दिवस संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नव्हती. सकाळी मी पावलं मोजली, आमच्या तंबूपासून टॉयलेटच्या दारापर्यंत ३४० पावलं, आणि मधे दोन ठिकाणी झाडांची मुळं वर आलेली. त्या साइटवरून सूर्यास्त फार सुंदर दिसायचा. पण मला आता तो आठवत नाही, तो भरलेला पेला आठवतो.

तेव्हापासून मी कॅम्पग्राउंड बघताना आधी रात्रीचे दोन वाजले आहेत असं धरून नकाशा उघडते. दिवसा काय, आपण साइटवर असतोच किती, बीचवर नाहीतर गावात असतो. साइट लागते ती स्वयंपाकाला आणि रात्रीला.

बरं, आता लडिंग्टनचं. तुला ‘एक कॅम्पग्राउंड’ हवंय पण तिथे चार-पाच अगदी वेगवेगळ्या जागा आहेत आणि प्रत्येकीत काहीतरी मिळतं, काहीतरी सोडावं लागतं.

स्टेट पार्क गावापासून साधारण ८ मैल उत्तरेला, एका बाजूला लेक मिशिगन आणि दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक, मधून सेबल नदी वाहते. जाणारा रस्ता एम-११६, एका हाताला लाटा आणि दुसऱ्या हाताला वाळूच्या टेकड्या, वारा असेल तर वाळू रस्त्यावर आलेली दिसते. आत पाइन्स, सीडर आणि बीचवुड अशी तीन कॅम्पग्राउंडं आहेत, तिन्हीकडे वीज, फ्लश टॉयलेट आणि शॉवर. पाइन्स लेक मिशिगनच्या बाजूला, बीचवुड हॅमलिनच्या बाजूला. पण तुझ्या मैत्रिणीला आत्ताच सांगून टाक की लेक मिशिगनची बाजू म्हणजे तंबूतून लेक मिशिगन नव्हे, मधे वाळूच्या टेकड्या आहेत, पाणी बघायला चालत जायचं. आणि ते बरंच आहे गं. पाण्याच्या अगदी तोंडावर तंबू म्हणजे रात्रभर वारा, कापडाची फडफड, डाळभातात वाळू आणि दुपारी डोक्यावर सावली नाही. हे पार्क २०२४ च्या सप्टेंबरात मोठ्या कामासाठी बंद केलं होतं, त्यामुळे त्याआधीचे रिव्ह्यू वाचून अमुक बाथरूम जुनाट वगैरे ठरवू नकोस.

लहान मुलांसाठी मला हे पार्क सगळ्यात जास्त आवडतं, आणि त्याचं कारण हॅमलिन लेक. लेक मिशिगनचं पाणी जुलैतही गार असतं आणि वारा फिरला की खालचं थंड पाणी वर येतं, मग काल पोहलेलं पोर आज पाय घालून किंचाळतं. हॅमलिनचं पाणी त्यामानाने कोमट असतं, लाटा नाहीत, तीन वर्षांच्या मुलीला काठाकाठाने खेळवता येतं. दोन्ही एकाच पार्कात, म्हणजे ज्या दिवशी जे बरं असेल तिकडे जा.

गावाच्या जवळ राहायचं तर कार्टिअर पार्क आहे, गावाच्या उत्तर टोकाला, झाडीत. तिसऱ्या कुटुंबाला जे हवंय त्याच्या जवळ जाणारं हेच, सायकली असतील तर फारच छान. दुसरं बटर्सव्हिल, टेकाडावर, लेक मिशिगन समोर आणि व्ह्यूसाठी जीव टाकणाऱ्या मैत्रिणीला भुलवेल असं. पण नकाशावर फसू नका. ते हार्बरच्या पलीकडच्या अंगाला आहे, गाव समोर दिसतं, चालत जाता येईल असं वाटतं, आणि प्रत्यक्षात पेर मार्क्वेट लेक या मधल्या तळ्याला पूर्ण वळसा घालून गाडीनेच यावं लागतं. मी ‘पाच मिनिटांत चालत’ समजून बुकिंग केलेली माणसं बघितलीयत. काठापासून लांबची साइट घ्यावी हे ३ वर्षांचं मूल असलेल्या घराला वेगळं सांगायला नको.

खरोखर चालत गाव आणि चालत बीच दोन्ही हवं असेल तर लडिंग्टन सोडून पंधराएक मैल दक्षिणेला पेंटवॉटरला मिअर्स स्टेट पार्क बघ. साइट डांबरी-सिमेंटच्या, आरव्हीवाल्यांना (राहायची सोय असलेली मोठी गाडी आणणाऱ्यांना) सोयीच्या, तंबूवाल्यांना तेवढ्या नाहीत, सावली कमी. पण म्हाताऱ्या माणसांना सपाट जमीन मिळते आणि आइस्क्रीम खाऊन चालत परत येता येतं, हेही कमी नाही. आणि नवऱ्याला शांत जंगल पाहिजे असेल तर लडिंग्टन आणि मॅनिस्टीच्या मधे फॉरेस्ट सर्व्हिसचं लेक मिशिगन रिक्रिएशन एरिया आहे, नॉर्डहाउस ड्यून्सला लागून, जागा देखणी आहे पण वीज नाही, म्हणजे बाबांसाठी ते पुन्हा बाद.

तुझ्या जागी मी असते तर स्टेट पार्कच घेतलं असतं. वीज असलेली साइट, बाथरूमपासून तीन-चार साइट सोडून. अगदी शेजारची नको हं, रात्रभर दिवा तोंडावर येतो, दार आपटत राहतं आणि पहाटेपासून लोक टॉवेल घेऊन आपल्या तंबूच्या दोऱ्यांवरून जातात. बुकिंगच्या नकाशावर बाथरूमचं चिन्ह असतं, साइटचे फोटो असतात, जमीन सपाट आहे का तेही कळतं. तंबू असा घे की आत उभं राहता येईल, आणि आई-बाबांना एअर मॅट्रेस देऊ नकोस, त्यावरून उठताना गुडघ्यांची वाट लागते. उंच फोल्डिंगची खाट घे, खुर्चीएवढ्या उंचीची. तंबूपासून बाथरूमपर्यंत जायचा रस्ता उजेड असतानाच दोघांसोबत एकदा चालून ये, प्रत्येकाच्या उशाशी आपापला टॉर्च, आणि स्पष्ट सांग की मला उठवलं तरी चालेल. तरीही नकोच वाटत असेल तर तंबूत पोर्टेबल कमोड ठेवता येतो, हल्ली बऱ्यापैकी चांगले मिळतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पार्कात मिनी केबिनही आहेत पण थोड्याच, आत बंक बेड आणि वीज, बाथरूम मात्र बाहेरचंच. मिळाली तर आई-बाबांना ती द्या. नाहीतर गावात मोटेल. तुला वाटतंय की मोटेलमध्ये ठेवलं तर त्यांना बाजूला काढल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटूही शकतं, आपली माणसं इतक्या लांब नातवंडांसोबत राहायला येतात, वेगळ्या खोलीत टीव्ही बघायला नाही. पण काहींना खरंच रात्री नीट पलंग आणि स्वतःचं बाथरूम मिळालं की दिवसभर हुरूप राहतो. हे त्यांनी ठरवायचं, तू नाही. एक मधला रस्ता सांगते, पहिल्या दोन रात्री साइटवर आणि मोटेलची खोली रद्द करता येईल अशा अटीवर पुढच्या दोन रात्रींसाठी हाताशी ठेवायची. जमलं तर खोली सोडून द्या, कॅन्सल करायची मुदत तेवढी आधी बघून ठेव.

आणि नवऱ्याचं काय? त्याची हौस खोटी नाहीये. वर्षभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला काळोख, शांतता, पाठीवर सामान हे हवंसं वाटतं, ते नुसतं नाही म्हणून उडवू नकोस. चारातली एक रात्र त्याने आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जॅक पाइनला जावं, दोघंच, छोटा तंबू घेऊन. तिथून बिग सेबल पॉइंटचं दीपगृह जवळ पडतं, १८६७ चं, ११२ फूट उंच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, वर चढता येतं. बाकी लोकांना पार्कातून दीपगृहापर्यंत एका बाजूने पावणेदोन मैल चालावं लागतं, वाळूवाळूतून, त्यामुळे सासूबाईंना चालत नेऊ नका. उन्हाळ्यात काही ठरावीक दिवशी तिथे बस सोडतात, त्या तारखा निघायच्या आधी बघून ठेव.

सगळ्यांनी एकाच साइटच्या रांगेत राहायलाच हवं हाही एक आपलाच हट्ट असतो. ज्यांना गावात राहायचंय त्यांनी कार्टिअरला राहावं, रात्रीचं जेवण तुमच्याकडे एकत्र करावं, ८ मैलांचा तर प्रश्न आहे. मॅडिसनची मंडळी शिकागोला वळसा घालून येण्यापेक्षा मॅनिटोवॉकहून एसएस बॅजर फेरीने गाडीसकट येऊ शकतात, चारेक तासांचा प्रवास, ६० मैल पाणी. आणि ती बोट संध्याकाळी लडिंग्टनला परत येते ते बघायला तुम्ही सगळे हार्बरवर जाच. ४१० फुटांचं कोळशावर चालणारं जहाज, चिंचोळ्या वाटेतून आत येतं, नांगर टाकतं, त्या नांगरावर हळूहळू गोल फिरतं आणि पाठमोरं धक्क्याला लागतं. गावातली माणसं पण अजून येऊन उभी राहतात. बाबांना बाकावर बसवा, मुलांना हाउस ऑफ फ्लेवर्सचं आइस्क्रीम द्या, तुमच्या त्या ‘हार्बर टाउन’चं सगळं सुख त्या तासाभरात मिळतं, त्यासाठी मुक्काम गावात असायची गरज नाही.

बुकिंगचं लक्षात ठेव. मिशिगनच्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे १० जुलैला पोचायचं असेल तर १० जानेवारीला, सकाळी ८ ला, आणि ते ८ त्यांचे, तुमच्या शिकागोचे ७. आत्ता डिसेंबर चाललाय, हातात महिनाभर आहे. प्रत्येक कुटुंबाने आपापलं अकाउंट आधीच उघडून ठेवा, प्रत्येकाने पसंतीच्या पाच-सहा साइट लिहून ठेवा, एकीवर अडून बसाल तर बाकीच्या जातील. नाही मिळाली तर मधल्या वारांच्या रात्री बघा, आणि कॅन्सलेशन होत राहतं, रोज चहाच्या वेळी एकदा बघायची सवय ठेव. साइटच्या भाड्यात गाडीचा प्रवेश धरलेला नसतो, रिक्रिएशन पासपोर्ट वेगळा घ्यावा लागतो आणि इलिनॉयच्या गाडीला तो महाग पडतो, ते हिशोबात धर.

घरून जळाऊ लाकूड नेऊ नका. तुझ्या नवऱ्याने गॅरेजमध्ये ठेवलंय म्हणतेस, ते तिथेच राहू दे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये एमराल्ड अॅश बोरर नावाची कीड सापडली, तिने अॅशची कोट्यवधी झाडं मारली आणि ती पसरायला असंच गाडीतून नेलेलं लाकूड कारण ठरलं. लाकूड तिथेच विकत मिळतं.

पाण्याबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. स्टेट पार्कच्या बीचवर लाइफगार्ड नसतात. झेंडे असतात, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही आणि दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला बंदीच. दिसायला तळं आहे म्हणून लोक बेसावध असतात, पण आत ओढणारे प्रवाह तिथे दरवर्षी माणसं घेतात, आणि हार्बरच्या लांब दगडी बांधावर लाटा येत असताना मुलांना घेऊन फोटोला जायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. झुडपातून फिरून आल्यावर मुलांचे कान, मान, गुडघ्यांच्या मागे टिक, म्हणजे गोचीड, चिकटलीय का बघायची. बीचवर कधीकधी घोटे चावणाऱ्या माश्या येतात, त्या दिवशी मुकाट्याने हॅमलिनला जायचं.

स्वयंपाकाचं तू फार मनावर घेतलंयस. वीज आहे तर इंडक्शन ने, पण कुकरच्या शिट्ट्या सकाळी ८ च्या आत नकोत, रात्री १० ते सकाळी ८ शांततेची वेळ असते. पहिल्या दिवशीचं जेवण घरून, दशम्या, लसणाची चटणी, दही. पुढे मेतकूट-भात आणि भाजलेली कणसं असली तरी लोक मिटक्या मारत खातात. जेवण झालं की खायचं सगळं गाडीत, रॅकून कूलरची झाकणं लीलया उघडतात. मुलांच्या झोपेचं वेळापत्रक चार दिवस विसर, जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, तोपर्यंत पोरं झोपणं शक्यच नाही.

राहिलं ते ‘सगळे माझ्याकडे बघतील’. पोल पुन्हा टाकू नकोस. ग्रुपवर एवढंच लिही की बाबांच्या मशीनला वीज लागते आणि आईंना बाथरूम जवळ लागतं, म्हणून आमची साइट स्टेट पार्कात, कॅम्पग्राउंडच्या या भागात, १० तारखेला सकाळी आम्ही बुक करतोय, ज्यांना जवळपास हवंय त्यांनी त्याच वेळी करा, बाकीच्यांनी आवडेल तिथे करा, जेवण एकत्र. यात कोणाची परवानगी मागायची नाहीये आणि कोणाला दुखवायचंही नाहीये, आणि हा मेसेज नवऱ्याच्या फोनवरून जाऊ दे.

आणि आई-बाबा मिरजेहून निघताना बॅगेत गोधड्या टाकायला सांग. जुलैतही तिथे पहाटे चांगलंच गार होतं, दव पडतं, आणि स्लीपिंग बॅगेत पाय बांधल्यासारखे होतात म्हणून मोठी माणसं वैतागतात. माणशी दोन सांग, एक पांघरायला आणि एक खाटेवर अंथरायला, कारण त्या खाटांना गारठा खालून लागतो.